ढील

पिठ्याला मराठी येत नव्हतं.
त्रिशूरला परत गेलेल्या माणसांचा कुत्रा तो.
व्हिसा संपला, सामान कार्गोने गेलं, हा राहिला.
मी ‘बस’ म्हणायचो, हा उभाच.
मग वॉचमनकडून दोन शब्द घेतले:
इरि म्हणजे बस. वा म्हणजे ये.
बावन्नाव्या वर्षी, मस्कतात,
पिठल्याच्या रंगाच्या कुत्र्यापायी मी मल्याळम शिकलो.

जुलैत रस्ता रात्रीही निवत नाही.
म्हणून पहाटे चार.
डांबराला हाताची पालथी बाजू लावून
सात आकडे मोजायचे, हात टिकला तर निघायचं.
अल खुवैरच्या गल्लीत तेव्हा एसींची ठिबक
आणि मशिदीकडे निघालेले दोन-तीन पांढरे झगे, बस.
तोवर पिठ्या शहाणा.
मग कोपऱ्यावरून दुसरं कुत्रं वळायचं
आणि पिठ्याचा पिठ्या राहायचा नाही.
मानेवरचे केस ताठ, पुढचे पाय हवेत,
चौथ्या मजल्यापर्यंत दिवे लागत जायचे.
मी पट्ट्याचे मनगटाला दोन वेढे घालून
तीन भाषांत माफी मागायचो.

खल्फान बावीस वर्षं पोलिसांची कुत्री सांभाळून निवृत्त झालेला.
त्याने पिठ्याकडे बघितलंच नाही,
माझ्या मुठीकडे बघितलं.
म्हणाला, कुत्रं दिसायच्या आधीच तू आवळतोस.
याला वाटतं, मालकाला काहीतरी ठाऊक आहे.
श्वय्या श्वय्या. ढील दे.

ढील.
हा शब्द मी शेवटचा ओरडलो
तेव्हा हातात मांजा होता
आणि बोटांना काच.

मग आम्ही दिव्याचे खांब मोजायला लागलो.
तीन खांबांवर दुसरं कुत्रं असेल तर कान फक्त टवकारतात.
दोनवर, हातातलं खाणं दिसेनासं होतं.
एकावर, काही खरं नाही.
म्हणून तीनवरच थांबायचं.
त्याने तिकडे बघितलं, की एक सोडा.
बघून, भुंकला नाही, की आणखी एक.
चिकन चालत नव्हतं त्याला, बिस्किटं तर नाहीच,
रेवदंड्याचे सोडेच हवेत.
बायको फोनवर म्हणाली,
किलोचा भाव माहीत आहे का?
इथे आम्ही खिचडीत मोजून घालतो.

सहा आठवडे गेले.
एका पहाटे पिठ्याने समोरच्या काळ्या कुत्रीकडे पाहिलं,
आणि मग, कोणी न सांगता,
मान वळवून माझ्याकडे.
एवढंच. मी रस्त्यातच खाली बसलो.

नागवेकर मला दिसला तो त्यानंतर.
नऊ वर्षं आम्ही बोललो नव्हतो:
मंडळाचा गणपती, जेवणाचा हिशेब,
एकशे दहा रियाल, आणि चारचौघांत तो एक शब्द.
लुलूमध्ये दिसला की मी डाळींच्या रांगेतून मागे फिरायचो.
तीन खांब. कायम तीन खांब राखून.
आता हाच, गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत,
हातात गुलाबी पट्टा, त्याच्या टोकाला
मुठीएवढं पांढरं कुत्रं
जगाला फाडून खायला निघालेलं.
मनगटाला दोन वेढे. मी ओळखले.

पिठ्या बसला. इरि म्हणायच्या आधीच.
मान माझी ताठ होती. हात माझा आवळत होता.
त्याने वर पाहिलं, माझ्याकडे, काय झालं असं.

मी ढील दिली.
दोन खांब, मग एक.
खिशातून दोन सोडे काढून लांबूनच पुढे केले.
नागवेकरने ते कुत्र्याला देण्याआधी
नाकाशी नेले.
‘रेवदंड्याचे?’
‘हं.’
‘मोठे आहेत.’

एकशे दहाचं कोणी काढलं नाही.
तो मशिदीकडून गेला, मी वाडीच्या कोरड्या पात्राकडून.
परतताना कचऱ्याच्या पेटीमागून मांजर निघालं
आणि पिठ्याने सगळी गल्ली उठवली.
मांजरांचं आमचं अजून सुरूच झालेलं नाही.